सोळा तास सारखे, ताट वेगळे

माझी उंची १८३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट आहे. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ३८व्या वर्षी, माझे वजन ९४ किलोपर्यंत गेले होते. जिना चढताना गुडघे दुखू लागले होते आणि वार्षिक तपासणीत रक्तातील साखर वरच्या मर्यादेकडे सरकलेली दिसली होती. वजन उतरवायचे ठरवले, तेव्हा माझ्याच विभागात काम करणाऱ्या, माझ्याच वयाच्या मैत्रिणीने सोबत करण्याची तयारी दाखवली आणि आम्ही दोघींनी एकाच सोमवारी इंटरमिटंट फास्टिंग सुरू केले. दुपारी १२ ते रात्री ८ या आठ तासांत जेवायचे आणि उरलेले सोळा तास पाणी किंवा बिनसाखरेची काळी कॉफी, एवढाच नियम होता. तिची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो होते. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये आम्ही आपापली माहिती भरली, वजन उतरवण्याचा सर्वांत जलद वेग निवडला, आणि त्याने दोघींनाही दिवसाला १,२०० कॅलरी हाच आकडा दिला. उद्दिष्ट म्हणून तिने ६२ किलो लिहिले. मीही ६२ लिहिले, कारण बाईचे वजन साठच्या आसपास असावे ही समजूत माझ्या मनात शाळेपासून पक्की बसलेली होती.

त्या दोन आकड्यांनी माझे जे नुकसान केले, ते दुसऱ्या कोणा उंच बाईचे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. फास्टिंगने मला फायदा झाला आणि मी ते आजही करते; चूक घड्याळात नव्हती, ताटात होती.

पहिल्या दहा दिवसांत तीन किलो वजन उतरले आणि मला हुरूप आला. त्यातला मोठा वाटा पाण्याचा होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. यकृतात साधारण शंभर ग्रॅम आणि स्नायूंमध्ये त्याच्या काही पट ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते; खाणे एकदम कमी केले की हा साठा आटतो आणि त्याच्याबरोबर ते पाणीही निघून जाते. जितके मोठे शरीर, तितका हा साठा मोठा, त्यामुळे माझा काटा मैत्रिणीच्या काट्यापेक्षा भराभर खाली येत होता आणि ती मला उगीचच शाबासकी देत होती.

दुसऱ्या महिन्यात चित्र पालटले. सकाळी अकराच्या सुमारास बैठकीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि टेबलाची कड घट्ट धरून दहापर्यंत अंक मोजल्याशिवाय पुढचे पाऊल टाकण्याची हिंमत होत नसे. हात-पाय गार पडू लागले. रात्री आठला जेवण आटोपले, की साडेनऊला मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची आणि झोप लागेपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या बारा वाजण्याचाच विचार करत राहायची. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. केस विंचरून झाल्यावर कंगव्यातले केस काढून बोटाभोवती गुंडाळण्याची मला सवय आहे; पूर्वी त्यांचे दोन वेढे होत, ते आता सहा-सात होऊ लागले. आणि माझी पाळी, जी वीस वर्षे क्वचितच दोन दिवसांपलीकडे लांबली होती, ती ५४व्या दिवशीही आलेली नव्हती. वजन मात्र ८५ किलो झाले होते आणि भेटेल तो कौतुक करत होता. त्या कौतुकामुळे मी डॉक्टरांकडे जायला तीन आठवडे उशीर केला, याचे मला आजही वाईट वाटते.

गरोदरपणाची आणि थायरॉइडची तपासणी झाली, त्यात काही निघाले नाही. मग डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही दिवसाला किती खाता?" मी सांगितले, बाराशे कॅलरी. त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "हे बाराशे कोणाचे आहेत?" मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी तपासणीच्या कागदाची मागची बाजू पुढे ओढली आणि तिथेच हिशेब मांडला.

शरीराने दिवसभर नुसते पडून राहायचे म्हटले तरी त्याला किती ऊर्जा लागते, याचा अंदाज काढण्यासाठी १९९०मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जॉर हे सूत्र आजही सर्रास वापरले जाते. स्त्रियांसाठी ते असे आहे: वजनाच्या किलोंना १०ने गुणायचे, उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ने गुणायचे, दोन्हींची बेरीज करायची आणि तीतून वयाची पाचपट आणि १६१ वजा करायचे. सुरुवातीच्या वजनावर माझे उत्तर १,७३३ आले. नंतर घरी मी मैत्रिणीचेही काढले, ते १,३४९ आले. या ३८४ कॅलरींच्या फरकातल्या १४४ निव्वळ उंचीच्या आहेत; दोघींचे वजन अगदी सारखे असते, तरीही तेवढा फरक राहिलाच असता. बैठे काम आणि थोडेफार चालणे धरून या आकड्याला १.४ने गुणले, तर मला दिवसाला सुमारे २,४०० आणि तिला सुमारे १,९०० कॅलरी लागतात. म्हणजे त्याच बाराशे कॅलरींत ती रोज सातशेच्या आसपास कमी खात होती आणि मी बाराशेहून अधिक. आम्ही एकाच टेबलाशी बसून सारखेच डबे उघडत होतो, आणि माझ्या शरीराच्या लेखी मी अर्ध्या पोटी होते.

पाळीचे कारण याच्याही पुढचे आहे, आणि ते प्रत्येक बाईने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. व्यायामात खर्च होणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या बाकीच्या कामांसाठी जे उरते, ते चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या, म्हणजे स्नायू, हाडे आणि अवयव यांच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींच्या खाली गेले, तर मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून अंडाशयाकडे जाणारे संकेत मंदावू लागतात, असे तरुण स्त्रियांवरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. ही सीमा काटेकोर नाही, प्रत्येकीचे शरीर थोडे मागेपुढे करते. पण हिशेबाला ती उपयोगी पडते. माझे चरबीविरहित वजन ५५ किलो निघाले होते. त्याच्या तीसपट म्हणजे १,६५०. मी बाराशे खात होते आणि वर रोज पाऊण तास भरभर चालत होते. उंच बाईची हाडे लांब असतात, स्नायू लांब असतात, अवयवही त्या मानाने मोठे असतात. या सगळ्यांना पोसल्यावर जे उरते, त्यातूनच पाळीचा खर्च भागतो, आणि काटकसर करायची वेळ आली की शरीर आधी तिथेच हात आखडता घेते.

मग ६२ किलोंची गोष्ट निघाली. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, काढताना वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात, आणि १८.५च्या खाली आकडा गेला की माणूस कमी वजनाचा समजला जातो. माझ्या उंचीला ६२ किलो म्हणजे बीएमआय बरोबर १८.५. जे वजन माझ्या मैत्रिणीसाठी निरोगी पट्ट्यात, २४च्या थोडे वर बसत होते, तेच वजन गाठण्यासाठी मी धडपडत होते आणि ते मला कुपोषणाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवणारे होते. माझ्यासाठी २५ची मर्यादा ८३ किलोंच्या पुढे संपते. हे ऐकल्यावर मला रडू आले, कारण मी वर्षानुवर्षे ज्या वजनांना स्वतःचा दोष समजत आले होते, त्यांतली कित्येक वजने मुळात दोषच नव्हती.

बीएमआयबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. ऑक्सफर्डचे गणितज्ञ निक ट्रेफेथन यांनी २०१३मध्ये असे दाखवून दिले होते, की या सूत्रात उंचीचा नुसता वर्ग घेतल्यामुळे उंच माणसे असतात त्याहून अधिक लठ्ठ आणि बुटकी माणसे असतात त्याहून बारीक ठरतात. त्यांनी त्याऐवजी वजनाला १.३ने गुणून उंचीच्या अडीचाव्या घाताने भागायचे सुचवले. त्या सूत्राने सुरुवातीचा माझा आकडा २८.१वरून २७वर येतो. म्हणजे एका अंकाची सूट मिळते, त्याहून जास्त नाही. तेव्हा उंचीचा आधार घेऊन "माझे वजन ठीकच आहे" असे म्हणण्याची सोय मला तरी नव्हती. वजन उतरवायला हवेच होते, प्रश्न किती आणि कशा वेगाने एवढाच होता.

डॉक्टरांनी फास्टिंग बंद करायला सांगितले आणि पाळी नियमित होईपर्यंत तीन वेळा पोटभर जेवायला लावले. सात आठवड्यांनी पाळी आली आणि त्याच काळात वजन ८५वरून ८७ झाले. त्यातले बरेचसे तेच परत आलेले पाणी होते, हे आता कळत होते, तरी काटा वर जाताना पाहणे सोपे गेले नाही. त्या आठवड्यांत मी या विषयावर मिळेल ते वाचून काढले.

वाचताना एक गोष्ट मला सारखी बोचत राहिली. फास्टिंगचे आकडे स्त्री आणि पुरुष असे दोनच कप्पे करून दिले जातात. २०१२पासून ब्रिटिश टीव्ही पत्रकार मायकेल मोस्ली यांच्यामुळे लोकप्रिय झालेल्या ५:२ पद्धतीत आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे खायचे आणि दोन दिवस स्त्रियांनी ५०० व पुरुषांनी ६०० कॅलरींवर राहायचे असते. हे आकडे साधारणपणे रोजच्या गरजेचा पाव भाग म्हणून ठरवलेले आहेत. माझ्या गरजेचा पाव भाग ६०० होतो, म्हणजे त्या पद्धतीच्याच तर्काने मी पुरुषांचा आकडा घ्यायला हवा होता. चीनमधील ग्वांगजौ येथे झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही स्त्रियांना १,२०० ते १,५०० आणि पुरुषांना १,५०० ते १,८०० कॅलरींचा आहार ठरवून दिला होता. सरासरी उंचीच्या बाईचे यात काही बिघडत नाही. पण सहा फुटी बाई सरासरीत मावत नाही, आणि शरीराला लागणारी ऊर्जा मोजायला उंचीपट्टी व वजनकाटा हाताशी असताना ती कप्प्यावरून का ठरवावी, हे मला समजत नाही.

त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट कळली आणि ती माझ्या पुढच्या निर्णयाला कारण झाली. १३९ लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारखाच कमी आहार दिला. निम्म्यांनी तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घ्यायचा होता, बाकीच्यांना वेळेचे बंधन नव्हते. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६.३ किलोंनी उतरले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य धरण्याइतका नव्हता. त्याआधी, २०२०मध्ये, अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या अभ्यासात लोकांना दुपारी १२ ते रात्री ८ एवढीच वेळ पाळायला सांगितली होती, काय आणि किती खायचे यावर बंधन नव्हते. बारा आठवड्यांत त्यांचे वजन एका किलोहूनही कमी उतरले, आणि ज्यांच्या शरीराची घडण तपासली गेली, त्यांच्यात उतरलेल्या वजनाचा मोठा वाटा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा निघाला. म्हणजे तास स्वतः वजन उतरवत नाहीत. तास खाण्याला कुंपण घालतात, आणि ज्या माणसाचे खाणे त्या कुंपणाबाहेर घडत असते, त्याला त्याचा लाभ होतो. माझे जास्तीचे खाणे रात्री नऊ ते अकरा या वेळात, दूरदर्शन संचासमोर होत असे. तेवढेच थांबवायला सोळा तासांची गरज नव्हती.

सोळा तास उलटले की ऑटोफॅजी, म्हणजे पेशींनी आपलेच जुने, खराब भाग मोडून पुन्हा वापरणे, सुरू होते आणि पेशी स्वच्छ होतात, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना या विषयासाठी २०१६चे नोबेल पारितोषिक मिळाले हे खरे, पण त्यांचे मूळ काम यीस्टच्या पेशींवरचे आहे. त्यावरून माणसाने नेमके कितव्या तासाला जेवायचे, हे ठरत नाही.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती चौदा तासांनी. सकाळी ९ ते संध्याकाळी ७ खायचे, दिवसाला २,००० कॅलरी, आणि त्यात ११० ग्रॅम प्रथिने. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील, तर वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे आहारतज्ज्ञ सांगतात, आणि इथे उंच बाईची खरी अडचण सुरू होते. लहान चणीच्या बाईला ऐंशी ग्रॅम प्रथिने दोन जेवणांत बसवता येतात. ११० ग्रॅम दोन जेवणांत बसवायची म्हटली तर एकेक जेवण एवढे मोठे होते, की पोट तट्ट फुगते आणि निम्मे ताट तसेच राहते; आणि राहिलेले निम्मे ताट म्हणजे पुन्हा तीच उपासमार. तीन अंडी आणि मोठी वाटीभर दही मिळून जेमतेम पंचवीस ग्रॅम प्रथिने होतात, हे मी प्रत्यक्ष तोलून पाहिले, तेव्हा तीन जेवणांशिवाय गत्यंतर नाही हे पटले. आठ तासांत तीन जेवणे म्हणजे पहिले पचायच्या आत दुसरे. दहा तासांत ती सुखाने बसतात.

डोळ्यांपुढची अंधारीही यातच सुटली. उपाशीपोटी इन्सुलिन खाली गेले की मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते, म्हणून उठून उभे राहताना रक्तदाब पडू शकतो. आणि उंच माणसाच्या बाबतीत हृदयापासून मेंदूपर्यंतचे अंतर अधिक असल्यामुळे रक्ताला चढही अधिक असतो. सकाळी नऊचे जेवण आणि त्यात व्यवस्थित मीठ, एवढ्याने ती थांबली. ज्यांना उच्च रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी मिठाबाबत हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आठवड्यातून दोनदा वजने उचलणे हा भाग मी आधी टाळला होता आणि आता तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वजन उतरताना हाडांची घनताही थोडी कमी होते, आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण उंच स्त्रियांमध्ये अधिक आढळते. पाळी बंद पडणे म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होणे आणि इस्ट्रोजेन कमी होणे म्हणजे हाडांचे संरक्षण कमी होणे. माझ्या त्या लांबलेल्या पाळीकडे मी आता केसांच्या गळण्यापेक्षा याच दृष्टीने पाहते.

प्रगती मोजण्यासाठी मी काट्यापेक्षा टेपवर विसंबू लागले. लांब अंगावर पाच किलो कुठे कमी झाले ते दिसत नाही, मैत्रिणीचे तीन किलो चेहऱ्यावर दिसले. शिवाय पाळीच्या आधी पाणी साठून माझा काटा दोन किलोंपर्यंत वर जातो. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, या नियमात उंची आपोआप धरली जाते, म्हणून तो मला न्याय्य वाटतो. माझी मर्यादा ९१.५ सेंटिमीटर, सुरुवातीला घेर ९८ होता, सातव्या महिन्यात तो मर्यादेच्या आत आला.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाच्या मुली, इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण आणि ज्यांना पूर्वी खाण्याविषयीचा मानसिक आजार होऊन गेला आहे, त्यांनी यातले काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आणि पाळी लांबली, तर वजन कितीही छान उतरत असले तरी महिनाभर वाट पाहू नका.

८७वरून ८० किलो व्हायला नऊ महिने लागले. मैत्रीण तिच्या दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेवर आणि १,४०० कॅलरींवर ६३ किलोंना स्थिरावली आहे, तिची तब्येत उत्तम आहे, आणि दुपारी डबे उघडताना ती आता माझ्या डब्याकडे बघून तो पुरेसा भरला आहे ना, हे विचारते. मी आता २,२०० कॅलरी खाते, चौदा तास सोमवार ते शुक्रवार पाळते, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढते तेव्हा बारा तासांवर येते. साखर खाली आली आहे, पाळी नियमित आहे, केस पुन्हा दोन वेढ्यांवर आले आहेत. हाडांच्या घनतेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.